घरातली फायबर वायर स्वतः हलवताय? मग या चुका टाळा

उन्हाळा लागला, लोकांनी घराची कामं काढली की माझ्याकडे तेच तेच फोन सुरू होतात. टिन बदलले, भिंतीला रंग दिला, पोराच्या अभ्यासासाठी मागची खोली केली, राउटर ओसरीतून तिकडे नेला आणि लाल लाईट लागला. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो, त्याआधी चार वर्षं केबलवाल्याच्या हाताखाली घरोघरी फायबर ओढत फिरलो, त्यामुळे फोनवर नुसतं "भाऊ, लाल लाईट लागून राहिला" ऐकलं तरी वायरीचं काय केलं असेल ते मला अर्ध कळतं.

राजेहो, सगळ्यात मोठी चूक म्हणजे फायबर हलवणं हीच. दहापैकी आठ घरात त्याची गरजच नसते. वायफाय मागच्या खोलीत पायजे ना? मग फायबरचा डबा, म्हणजे फायबर ज्यात खोचलेली असते तो राउटर, आहे तिथंच भिंतीवर राहू द्या, त्याच्या मागून लॅनची वायर काढा, मागच्या खोलीत न्या आणि तिथं एक साधा राउटर लावा. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या गावात एवढं लांब घर कोणाचं आहे? ती तांब्याची असते, थोडी वाकली, दबली तरी सहन करते, तुटली तर बाजारात नवीन मिळते. फायबरच्या आत काच असते. वरचं कोटिंग काढलं की ती १२५ मायक्रॉनची उरते, डोक्याच्या केसाएवढी समजा, आणि उजेड धावतो तो तिच्याही आतल्या साधारण ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. ही गोष्ट ज्याला पटली त्याचा हात आपोआप हळू चालतो.

तरी हलवायचीच असेल तर पुढचं वाचा.

कापून पीळ मारणे. वायर कमी पडली म्हणून कापली, मधे दुसरा तुकडा टाकला, लाईटच्या वायरीसारखा पीळ दिला आणि वरून काळी टेप. हे मी इतक्या घरात पाहिलं आहे की आता रागही येत नाही, वाईट वाटतं. दोन काचा समोरासमोर अगदी सरळ रेषेत याव्या लागतात, पीळ देऊन ते होतच नाही. बरं, बऱ्याच वायरीत काचेच्या दोन्ही बाजूंनी स्टीलची बारीक तार असते, लोक त्या तारेलाच तार जोडतात आणि काच कधीच तुटून पडलेली असते. जोड मारायचा तर मशीननं वितळवून, म्हणजे स्प्लाइसिंग करून, नाहीतर फास्ट कनेक्टर, म्हणजे मशीनशिवाय हातानं बसवायचं टोक, लावून. त्यालाही क्लीवर लागतो, जो काच काटकोनात सरळ कापतो. कैचीनं किंवा ब्लेडनं कापलेली काच तोंडाशी फुटते. यूट्यूबवर दोन मिनिटांत कनेक्टर लावून दाखवतात, त्या माणसानं आधी किती कनेक्टर वाया घालवले ते नाही दाखवत.

आणि कापलेले काचेचे तुकडे. ते फरशीवर दिसत नाहीत. घरात रांगतं लेकरू असतं, आपण अनवाणी फिरतो, त्याच जागी ताट घेऊन जेवायला बसतो. मी पहिल्यापासून एक सवय लावून घेतली, काम सुरू करायच्या आधी गुडघ्याजवळ चिकटपट्टीचा तुकडा उलटा ठेवायचा, प्रत्येक तुकडा त्यावर चिकटवायचा आणि शेवटी पट्टी गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. झाडूनं झाडू नका, तुकडे आणखी पसरतात.

दाबणे आणि मुरडणे. या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथं वायर तुटलेली नसते, त्यामुळे कोणाला दोष सापडत नाही आणि कंपनीच्या माणसाला उगाच शिव्या पडतात.

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी एप्रिलमध्ये मागच्या खोलीवर नवीन टिन टाकले आणि त्याच झटक्यात फायबरही मागं घेतलं. काम स्वतः केलं, वायर कापली नाही, इथपर्यंत छान. आठ दिवसांनी तक्रार सुरू झाली की नेट रोज दुपारी बंद पडते, बारा-एकच्या सुमारास लाल लाईट लागतो आणि संध्याकाळी सहाला आपोआप चालू. लाइनमन तीनदा येऊन गेला, पण तो येणार सकाळी नाहीतर दिवे लागणीला, तेव्हा सगळं ठीक. मुलाची ऑनलाइन परीक्षा तोंडावर आलेली, काकांचा जीव वरखाली होत होता.

मी म्हटलं, दुपारीच येतो. पण सकाळी त्यांच्या पोराला राउटरचं पान उघडायला शिकवून ठेवलं. बहुतेक डब्यांवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की ते उघडतं, पासवर्ड डब्याच्या खाली चिकटवलेला असतो, आणि तिथं ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर नावाचा आकडा दिसतो, म्हणजे डब्यापर्यंत किती उजेड पोचतो त्याचं माप. तो उणे असतो. -१५ ते -२५ च्या दरम्यान असला तर निवांत झोपा, -२७ च्या पलीकडे गेला की डब्याला दिसेनासं व्हायला लागतं. यात ३ चा फरक पडला म्हणजे उजेड अर्ध्यावर आला. पोरानं वहीत लिहून ठेवलं होतं: सकाळी सातला -२२, अकराला -२५, पाऊण वाजता -२८, मग लाल.

मी दोन वाजता गेलो. टिन इतकं तापलेलं की खोलीत उभं राहवत नव्हतं. वायर हातानं चाचपत चाचपत गेलो तर भिंत संपते तिथं ती टिन आणि लोखंडी पाइपच्या सापटीतून काढलेली, हुकाच्या अगदी बाजूनं. सकाळी थंड टिन तिला नुसतं टेकत होतं, ऊन चढलं की टिन फुगायचं आणि वायर पाइपवर चेपायचं. मी आतून काठीनं टिन बोटभर वर रेटून धरलं आणि पोराला ओरडून म्हटलं, पान पुन्हा उघड, आकडा सांग. "-२३ दादा!" काठी सोडली, पुन्हा लाल. काकांना तिथंच खाली बसवून दोनदा करून दाखवलं, कारण डोळ्यानं पाहिल्याशिवाय हे पटत नाही.

वायर तिथून काढली, भिंतीला बरम्यानं भोक पाडून प्लास्टिकच्या पाइपातून आत घेतली. तेव्हापासून दुपारी फोन नाही.

तर वायर टिनाखाली, खिडकीच्या पल्ल्यात, दाराच्या चौकटीत, पलंगाच्या पायाखाली कुठंच नको. खिळा ठोकून वाकवू नका, क्लिप लावा आणि क्लिपही घट्ट ठोकू नका. कोपऱ्यात किती वाकवायची? नव्या वायरी बऱ्याच लवचिक आल्या आहेत, काहींना एक सेंटिमीटरच्या त्रिज्येचं वळणही चालतं, जुन्यांना तीन सेंटिमीटर लागतात. आपल्या घरातली कोणती ते वरून ओळखू येत नाही, म्हणून मी सरळ पाण्याच्या तांब्याचं माप धरतो. तांब्याभोवती जेवढी गोल बसेल त्याहून लहान वळण कुठंच द्यायचं नाही. आणखी एक, आपल्याकडे येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा आणि आपल्याकडून जाणारा १३१० चा असतो, आणि मुरडलेल्या जागी लांब तरंगाचा उजेड जास्त गळतो. म्हणून वळण चुकलं की आधी येणारा सिग्नल मरतो आणि डबा लाल होतो.

लाल लाईट दिसला की रिसेटच्या भोकात पिन खुपसणे. कृपा करून हे करू नका. लॉस नावाचा लाईट लाल लागला याचा अर्थ डब्यापर्यंत उजेडच येत नाही, त्यात रिसेट करून काय मिळणार? उलट आतली यूजर आयडी, पासवर्ड, व्हीलॅनचा नंबर अशी नेट चालायला लागणारी सगळी सेटिंग पुसून जाते. मग वायर दुरुस्त झाली, सिग्नल आला हे सांगणारा पॉन नावाचा हिरवा लाईट स्थिर लागला तरी नेट येत नाही आणि एकाच्या जागी दोन दुखणी होतात. पॉन स्थिर असूनही नेट नसेल तर आधी रिचार्ज संपलं का ते पाहा.

कनेक्टरच्या तोंडाला बोट लावायचं नाही, फुंकायचं नाही, शर्टाला पुसायचं नाही. दिवाळीच्या टायमाला आपल्या घरात कापूस भरलेला असतो, त्याची लव सगळीकडे उडते, म्हणून कनेक्टरच्या तोंडावरचं टोपण काढलं की कनेक्टर लगेच खोचायचा आणि काढलेलं टोपण खिशात ठेवायचं. त्याच कापसाच्या गंजीखालून वायर नेली तर उंदीर कुरतडणारच, तिथं पाइप पायजेच.

हिरवा कनेक्टर हिरव्यात, निळा निळ्यात. हिरव्याचं तोंड ८ अंशात तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. खोचले तर दोन्ही एकमेकांत बसतात आणि तिथंच लोक फसतात, मधे फट राहते आणि सिग्नल पडतो.

वायरीच्या तोंडात डोळा लावून उजेड येतो का बघू नका. तो उजेड डोळ्याला दिसतच नाही, पण असतो.

महावितरणच्या खांबावर चढायचं नाही, "दोनच मिनिटाचं काम आहे" म्हणून तर नाहीच नाही. फायबरमधून करंट जात नाही हे खरं, पण तिच्यातल्या स्टीलच्या तारेतून जातो. सर्व्हिस वायरला घासत जाणारी फायबर दिसली तर खालूनच फोन करा. अंगणावरून वायर घेताना पऱ्हाटीची गाडी, कुटाराची ट्रॉली खालून जाईल एवढी उंच ठेवा, आणि ढिली सोडू नका, वानरं लोंबकळतात.

भोक पाडताना १२ मिलिमीटरचा बरमा घ्या, कनेक्टरसकट वायर निघते, कापावी लागत नाही. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडा आणि वायर आत शिरायच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकतं, घरात येत नाही. उरलेली वायर कापून फेकू नका, दोन-तीन मीटर तांब्याच्या मापानं गुंडाळून भिंतीला टांगून ठेवा, पुढच्या वेळी तीच कामी येते. काम झालं की आरएक्सचा आकडा तारखेसह कागदावर लिहून डब्याच्या मागं चिकटवा. काकांच्या डब्यामागं आजही पोराच्या अक्षरातला तो कागद आहे, मागच्या महिन्यात लाइनमन आला तेव्हा त्यानं आधी तोच वाचला.