लक्षणे नसताना कोरोनाची चाचणी आणि घरातील विलगीकरण

मुंबईत माथाडीचे काम करणारा एक तरुण गणपतीसाठी सोमवारी पाटण तालुक्यातील आपल्या गावी येतो, आणि मंगळवारी त्याला फोन येतो की, खोलीतील सोबत्याला कोरोना झाला आहे. त्याला स्वतःला ताप नाही, खोकला नाही, जेवणाची चवही नेहमीसारखी आहे. मात्र घरात दम्याची आजी आणि मधुमेह असलेले वडील आहेत. असा प्रसंग सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही घरात येऊ शकतो, म्हणून याच तरुणाचे उदाहरण धरून पुढची माहिती दिली आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जानेवारी २०२२ मध्ये सांगितल्यानुसार लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य व्यक्तीने चाचणी करण्याची गरज नाही, आणि बाधिताच्या संपर्कात आलेल्यांपैकीही वय किंवा जुना आजार यांमुळे जोखीम जास्त असलेल्यांनीच ती करावी. या नियमाप्रमाणे आपल्या तरुणाला चाचणी बंधनकारक नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे, तेथे संपर्कात आलेल्याने चाचणी करावीच, कारण लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग पसरतो आणि त्याची झळ त्याला स्वतःला न बसता आजीला बसते.

मात्र फोन आल्याबरोबर चाचणीसाठी धावू नये. विषाणू शरीरात शिरल्यानंतर नाका-घशात पुरेसा वाढून चाचणीत दिसू लागण्यास काही दिवस जातात, आणि त्याआधी आलेला निगेटिव्ह अहवाल खोटा धीर देतो. परिषदेने २०२० मध्ये लक्षणे नसलेल्या निकटच्या संपर्कातील व्यक्तींसाठी पाचव्या ते दहाव्या दिवसाची मुदत सांगितली होती, आणि घरगुती हिशेबासाठी ती आजही सोयीची आहे. शेवटचा सहवास रविवारी झाला असेल, तर रविवार शून्य धरून शुक्रवारी चाचणी करावी. तोपर्यंत मास्क वापरावा, वेगळे झोपावे आणि आजीच्या खोलीत जाऊ नये.

प्रयोगशाळेत होणारी आरटीपीसीआर चाचणी अधिक भरवशाची असते. घरी करता येणाऱ्या अँटिजेन चाचणीचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत मिळतो, पण लक्षणे नसताना तिच्यातून संसर्ग निसटण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ पासून अशा व्यक्तींना ४८ तासांच्या अंतराने तीन चाचण्या करण्याचा सल्ला दिला आहे. आपल्या उदाहरणात त्या शुक्रवार, रविवार आणि मंगळवार अशा होतील. किट घेताना मुदत पाहावी. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात ते पत्र्याखाली अथवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये, कारण बहुतेक किट ३० अंशांपेक्षा जास्त तापमानात खराब होऊ शकतात. पट्टीवर ‘सी’ जवळ रेघ उमटलीच नाही, तर ती चाचणी बाद समजावी. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हींजवळ रेघा उमटल्या, तर ‘टी’ ची रेघ कितीही फिकट असली तरी निकाल पॉझिटिव्हच मानावा. पत्रकात दिलेल्या वेळेनंतर पट्टी पाहून मात्र काहीच ठरवू नये.

निकाल पॉझिटिव्ह आल्यास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांप्रमाणे त्या दिवसापासून किमान ७ दिवस गृह विलगीकरणात राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये लक्षणे नसलेल्यांसाठी ही मुदत ५ दिवसांवर आणली, पण घरात आजीसारखे माणूस असेल तर मी सात दिवसच पाळण्याचा आग्रह धरेन. मधेच ताप किंवा खोकला सुरू झाला, तर त्या दिवसापासून पुन्हा मोजावे. शेवटी आरटीपीसीआर करण्याची आवश्यकता नाही, कारण संसर्ग पसरवण्याची शक्यता संपल्यानंतरही ती काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

घर विलगीकरणास योग्य आहे का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. मे २०२१ मध्ये राज्य शासनाने संसर्गाचे प्रमाण जास्त असलेल्या १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद करण्याचा निर्णय घेतला, त्यांत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे होते. स्वतंत्र खोली नसल्यास सोपा किंवा पडवी चालते, उलट खेळत्या हवेमुळे ती बंद खोलीपेक्षा चांगलीच ठरते, फक्त घरच्यांची ये-जा दुसऱ्या दाराने व्हावी. रानातील वस्तीवर राहणे सोयीचे वाटते, परंतु तेथे मोबाइलला रेंज असेल आणि दिवसातून दोनदा कोणी लांबून विचारपूस करणार असेल तरच तो मार्ग धरावा. संडास एकच असल्यास बाधिताने सर्वांच्या शेवटी वापरावा, खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर तो जंतुनाशकाने स्वच्छ करावा. जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवावे. दूध घालायला डेअरीवर जाणे, आरतीला उभे राहणे आणि प्रसाद वाटणे ही कामे त्या सात दिवसांत दुसऱ्याने करावीत, आणि कोणी विचारल्यास खरे कारण सांगावे.

लक्षणे नसलेल्याला कोरोनासाठी वेगळे औषध लागत नाही. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या चालू गोळ्या मात्र थांबवू नयेत. स्टेरॉइड मनाने घेऊ नये आणि छातीचा सीटी स्कॅन करण्याची घाई करू नये. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नसताना दिवसातून दोन-तीन वेळा नोंद घ्यावी. तासाभरात तीन वेळा मोजूनही आकडा ९३ किंवा त्याखाली राहिला, धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर वाट न पाहता १०८ वर फोन करावा.

या काळात खरे लक्ष आजीकडे ठेवायचे आहे. ती जास्त जोखमीची असल्यामुळे, नातू तिच्याजवळ बसला-उठला असेल तर त्या दिवसापासून मोजून पाचव्या दिवशी तिची चाचणी करावी. परंतु तिला त्याआधीच कणकण किंवा खोकला जाणवला, तर दिवस मोजत न बसता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, कारण अशा रुग्णांना द्यायची विषाणूविरोधी औषधे लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांतच सुरू करावी लागतात.