चुनखडकातील प्रत्येक रेघ थराची नसते

चुनखडकाचा पहिला स्तंभालेख, म्हणजे खालून वर थरांची क्रमवार नोंद करणारा आलेख, तयार करताना आडवी रेघ दिसली की थर संपला, असे मानून मी नोंदी करीत गेलो. भिंगातून पाहिले तेव्हा त्यांतील बऱ्याच रेघा करवतीच्या दात्यांसारख्या निघाल्या. त्यांच्यात काळसर मातीचा पातळ पापुद्रा होता आणि एका रेघेपाशी शिंपला मध्येच तुटून त्याचा उरलेला भाग नाहीसा झाला होता. ते स्टायलोलाइट होते. खडक गाडला गेल्यावर दाबाखाली चुनखडकातील कॅल्साइट हे खनिज विरघळते आणि न विरघळणारी माती मागे राहते, म्हणून समुद्रतळावर गाळ साचल्याचा पुरावा म्हणून अशी रेघ मोजता येत नाही. त्या पट्ट्याचा आलेख मला पुन्हा काढावा लागला.

तेव्हापासून मी आधी रेघांमधला खडक वाचतो. ताजा तुकडा ओला करून पाहावा आणि कण एकमेकांना टेकून उभे आहेत की चिखलात विखुरलेले आहेत, हे ठरवावे. डनहॅम यांच्या चुनखडकांच्या 1962 मधील वर्गीकरणाचा मुख्य आधार हाच आहे. 2 मिलिमीटरपेक्षा लहान, गोल, आतून वलयांकित असे कण, म्हणजे ऊइड, एकमेकांना टेकलेले असतील आणि मधे चिखल नसेल, तर लाटांनी किंवा भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी सतत ढवळलेल्या उथळ पाण्याचा विचार करावा. चिखलाचा अर्थ लावणे मात्र कठीण आहे, कारण तो शांत खाजणातही साठतो, खोल पाण्यातही आणि भरतीच्या सपाट मैदानावरही. तो उघडा पडून वाळला होता, असे म्हणायला सुकल्याच्या भेगा किंवा कॅल्साइटने भरलेली बारीक, चपटी छिद्रे सापडावी लागतात.

स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर चढून बनलेली खडकाळ रचना, दिसताच भरती-ओहोटीचा पट्टा असे लिहून टाकण्याची घाई, माझ्या मते, नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे ते किनाऱ्यालगत वाढतात हे खरे, पण बहामाजमधील एक्झुमा बेटांजवळ ते कायम पाण्याखाली, जोरदार प्रवाहातही उभे आहेत.

खाली शिंपल्यांचा चिखलयुक्त चुनखडक, त्यावर सूक्ष्मजीवांच्या थरांचे पापुद्रे आणि माथ्यावर सुकल्याच्या भेगा, असा क्रम दर काही मीटरांनी पुन्हा आला, तर प्रत्येक क्रमात, म्हणजे चक्रात, खालच्या थराकडून वरच्या थराकडे जाताना पाणी उथळ होत गेले असे समजावे. त्यासाठी समुद्र मागेच हटायला हवा असे नाही. गाळ साचत साचत पाण्याच्या पातळीपर्यंत पोहोचला तरी तसेच होते. चक्राची सीमा मी भेगांच्या माथ्यावर आखतो, आणि खालच्या थराचे झिजलेले तुकडे वरच्या थराच्या तळाशी सापडले, तर ती अधिक ठामपणे आखतो.