मुलानं सांगितलं, आता पुढे काय? इंदूरमधल्या मराठी घरांसाठी

आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल मूल पहिल्यांदा बोलतं ते बहुधा भलत्याच वेळी. आंघोळीला जाताना, स्कूटरवर मागे बसून, नाहीतर दिवा मालवल्यावर. त्या क्षणी "काय?" म्हणून किंचाळलात की दार बंद होतं. "बरं झालं सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा आणि थांबा. पुढे विचारायचं तर फक्त "मग काय झालं?" किंवा "अजून काही सांगायचंय?" "त्या काकांनीच हात लावला ना?" असा प्रश्न नको. उत्तर आपणच मुलाच्या तोंडी घातलं, असा मुद्दा बचावाचा वकील काढतो. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, ते पाळता येत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा 2012, याच्या कलम 19 प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाला पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला स्वतःला मात्र ही शिक्षा लागू नाही.

त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, जागा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. शरीराच्या भागासाठी घरात जो शब्द आहे तोच ठेवा, सभ्य करू नका. मोबाइलवर व्हिडिओ नको. फॅमिली ग्रुपवर तो कधी पोचेल सांगता येत नाही, आणि मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

खरा घोळ नातेवाईक घालतात. आजी विचारते, आत्या विचारते, मावशी उज्जैनहून येऊन पुन्हा पहिल्यापासून विचारते. दर वेळी मूल थकतं, एखादा तपशील गाळतं, आणि पुढे तीच "विसंगती" ठरते. म्हणून घरातला एकच माणूस ठरवा. मूल त्याच्याशीच बोलेल, बाकीच्यांनी स्वयंपाक आणि भावंडं सांभाळावीत. "मी बघतो त्याला" म्हणत निघालेल्या बाबांना किंवा काकांना आधी अडवा. मारामारी झाली तर उलटी केस होते.

घटना ताजी असेल तर दवाखाना आधी. इंदूरच्या एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात थेट जाता येतं. उपचारासाठी एफआयआर किंवा कागद मागता येत नाही, आणि खासगी रुग्णालयालाही उपचार मोफत द्यावे लागतात. त्याआधी आंघोळ घालू नका, नखं कापू नका. कपडे न धुता प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. चुकून आंघोळ घातलीच असेल तरी न्या. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतील, आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ राहू शकतं. महिने उलटले असतील तरी तक्रार होतेच. उशीर झाला म्हणून गप्प बसू नका.

पोलीस कोणत्याही ठाण्यात तक्रार घेतात, हद्दीचा प्रश्न नंतर. अडवलं तर 112 (पोलीस) किंवा 1098 (चाइल्ड हेल्पलाइन). जबाब घरी किंवा मुलाला हवा तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. घरी मराठी बोलणारं मूल ठाण्यातल्या हिंदीत गडबडतं, "हो हो" करून मोकळं होतं. मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी मिळतो, तो मागा. मात्र दुभाषी म्हणून नात्यातला माणूस शक्यतो नको. सही करण्याआधी तक्रार मुलाच्या भाषेत वाचून घ्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मूल कुठे राहील हे समिती ठरवते. समितीकडे दोन गोष्टी लेखी मागा. एक सपोर्ट पर्सन, जो केस संपेपर्यंत मुलासोबत असतो आणि तारखांची माहिती देतो. दुसरी, प्रवास, जेवण, कपडे यांसाठी तातडीची मदत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन 15100. अंतरिम भरपाईचा अर्ज विशेष न्यायालयात करता येतो, निकालाची वाट बघावी लागत नाही.

मधल्या काळात शाळा, खेळ, झोपेची वेळ शक्यतो तशीच ठेवा. शाळेत फक्त मुख्याध्यापकांना, तेही गरजेपुरतंच. अंथरूण ओलं होऊ लागलं किंवा मूल चिकटून राहू लागलं तर रागावू नका. महिनाभरात कमी झालं नाही, किंवा जगायचंच नाही अशी भाषा मुलाच्या तोंडी आली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. दुसऱ्या बाबतीत महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी. आईकडेही कुणीतरी बघा. "माझं लक्ष नव्हतं" हे ओझं बहुतेक तिच्याच डोक्यावर टाकलं जातं.

समजुतीनं मिटवा म्हणणारे येतीलच, विशेषतः आरोपी नात्यातला किंवा सोसायटीतला असेल तेव्हा. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, आणि दबाव आणणाऱ्याचं नाव सपोर्ट पर्सनला व पोलिसांना लेखी कळवा. साक्षीच्या दिवशी आरोपी समोर दिसू नये ही व्यवस्था न्यायालयानं करायची असते, आणि वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. मुलाला आधीच सांगून ठेवा की मध्ये थांबायचं असेल, पाणी हवं असेल किंवा प्रश्न कळला नसेल तर तसं म्हणायचं. डबा आणि पाण्याची बाटली सोबत न्या, ताटकळणं तासन्‌तास होऊ शकतं.