शॅडोइंग स्वीकारण्यापूर्वी विचारायचा प्रश्न

दिग्दर्शनाचे शिक्षण संपवून लॉस एंजेलिसमध्ये काम शोधणाऱ्या मुलींशी मी आधी शॅडोइंगविषयी बोलते, कारण माझी तीन वर्षे त्यातच गेली. मालिकेच्या एका भागाची तयारी आणि त्यानंतरचे साधारण आठ दिवसांचे चित्रीकरण अनुभवी दिग्दर्शकाच्या मागे बसून पाहायचे, बहुधा बिनपगारी. स्त्रियांसाठी काढलेल्या योजनांत हाच मार्ग पुढे केला जातो. तो वाईट नाही. मात्र पाहून झाल्यावर एक भाग तुम्हाला मिळेल, असे बहुतेक ठिकाणी कोणी लेखी देत नाही.

मी चार मालिकांवर बसले. चौथ्या वेळी कानाला हेडसेट होता, मांडीवर त्या दिवसाच्या संवादांची पाने होती आणि त्यांच्या समासात मी माझे शॉट आखले होते. स्वयंपाकघरातल्या भांडणात कॅमेरा आईच्या पाठीमागे हवा, असे मी लिहिले होते आणि तिसऱ्या टेकनंतर दिग्दर्शकाने तो तिथेच नेला. निर्मातीने ते पान पाहिले, माझ्या नजरेचे कौतुक केले आणि आणखी एक मालिका पाहण्याचा सल्ला दिला. त्याच हंगामात, मालिकेचा एकही भाग न केलेल्या एका तरुणाला केवळ त्याच्या लघुपटावर काम मिळाले. लघुपट माझेही दोन होते.

म्हणून होकार देण्याआधी विचारा: माझ्यासाठी भाग राखून ठेवला आहे का, कोणत्या हंगामात, आणि निर्णय कोणाचा? शोरनरच्या, म्हणजे मालिकेच्या मुख्य लेखक-निर्मात्याच्या, शब्दावर विसंबू नका, कारण स्टुडिओ आणि वाहिनी यांचीही संमती लागते. उत्तर ईमेलवरच घ्या.

नकार आला की आपल्याच कामात खोट शोधत बसू नका. 1983 मध्ये डायरेक्टर्स गिल्ड या दिग्दर्शकांच्या संघटनेने याच भेदभावासाठी दोन मोठ्या स्टुडिओंवर खटला भरला होता. 1985 मध्ये न्यायालयाने, गिल्डचे स्वतःचेच हितसंबंध गुंतले असल्याने तिला स्त्रियांची बाजू मांडता येणार नाही, असे ठरवले. दिग्दर्शनाचे ऑस्कर एका स्त्रीला, कॅथरिन बिगेलो यांना, पहिल्यांदा मिळाले ते 2010 मध्ये. 2024 मधील सर्वाधिक कमाईच्या 250 अमेरिकी चित्रपटांच्या दिग्दर्शकांत स्त्रिया 16 टक्के होत्या. दार अरुंद आहे, ते तुमच्यामुळे नव्हे.

मुंबईहून येणाऱ्या मुली सहायक दिग्दर्शक होऊन वर जाण्याचा बेत आखतात. मुंबईत ती वाट खरी आहे. इथे सहायक दिग्दर्शक वेळापत्रक आणि सेट सांभाळतो, आणि त्याची बढती बहुधा निर्मिती व्यवस्थापनाकडे होते. ती वाट धरू नका. मार्गदर्शकांबद्दलही माझे मत पक्के आहे: कॉफीवर तासभर उपदेश करणाऱ्यापेक्षा, फोन उचलून तुमचे नाव सुचवणारी व्यक्ती शोधा. मला तशी एक संकलक भेटली.

तिच्या शब्दावर पाचव्या मालिकेचे बोलावणे आले, तेव्हा मी वरचे तिन्ही प्रश्न लिहून पाठवले. दोन आठवडे उत्तर नव्हते आणि संधी गेली, असेच मी धरून चालले होते. मग दोन ओळींचा ईमेल आला. त्यात सहावा भाग माझ्या नावावर होता.