कार रेडिओ कोड मागतोय? बटणं दाबत सुटण्याआधी वाचा आणि या चुका टाळा

बॅटरी बदलली, सेल्फ मारला, गाडी लगेच चालू झाली आणि रेडिओ लावायला गेलं तर स्टेशन नाही, गाणं नाही, डिस्प्लेवर नुसतं कोड नाहीतर सेफ असं लिहून आलंय. आता बहुतेक जण काय करतात, आधी ०००० टाकून बघतात, मग १२३४, मग नंबर प्लेटवरचे चार आकडे, आणि एवढ्यात रेडिओ पुरता लॉक होतो. म्हणून पहिल्यांदा एकच सांगायचंय, हात बाजूला घ्या. रेडिओ बिघडलेला नाहीये आणि कोडही कुठे गेलेला नाहीये.

होतं काय की रेडिओला करंटच्या दोन लाइन येतात. एक कायम चालू असलेली १२ व्होल्टची, जी चावी काढली तरी सुरू राहते, आणि दुसरी चावी फिरवल्यावर येणारी. कायमची लाइन तुटली की रेडिओला वाटतं मला कुणीतरी डॅशबोर्डातून उपटून नेलंय, आणि तो स्वतःला लॉक करून घेतो. बॅटरी काढली काय, ती पार उतरली काय किंवा फ्यूज उडाला काय, त्याच्या दृष्टीने सगळं सारखंच. पण कोड आतल्या अशा मेमरी चिपमध्ये असतो की करंट गेला तरी पुसला जात नाही, आणि चुकीच्या प्रयत्नांचा हिशोबही त्याच चिपमध्ये राहतो. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढच्या बऱ्याच चुका ती माहीत नसल्यामुळेच होतात.

अंदाजाने कोड टाकणं

चार आकडी कोड म्हणजे १०,००० शक्यता, आणि तुमच्या हातात प्रयत्न किती, तर फोक्सवॅगनच्या बीटा किंवा गॅमासारख्या जुन्या रेडिओत फक्त दोन. दोन चुका झाल्या की साधारण तासभर गप्प बसायचं. होंडात १० प्रयत्न मिळतात, त्यानंतर एक तास थांबा. रेनॉमध्ये पहिल्या चुकीला १ मिनिट, दुसरीला २, तिसरीला ४ असं थांबणं दुप्पट होत जातं, म्हणजे आठ-नऊ चुकांनंतर तुम्ही कित्येक तास अडकलात. आणि फोर्डच्या ६००० सीडीसारख्या रेडिओत १० चुकांनंतर लॉक्ड १० येतं, तरी दामटत राहिलात आणि लॉक १३ दिसलं की घरच्या घरी करण्यासारखं काही उरत नाही, मग रेडिओ खोलून चिपवर काम करणाराच शोधावा लागतो. सगळ्यात वाईट वाटतं ते याचं की खरा कोड हातात असलेले लोकसुद्धा आधीच्या चाळ्यांमुळे इथवर येऊन पोचतात. प्रयत्न मोजके असतात, खरा कोड मिळेपर्यंत एकही वाया घालवू नका.

डिस्प्लेवरचं १००० म्हणजे कोड समजणं

ही चूक खास फोक्सवॅगन, स्कोडा, सिएट, ऑडीच्या जुन्या रेडिओवाल्यांची. रेडिओ लावला की आधी सेफ येतं आणि थोड्या वेळाने १००० येतं. लोकांना वाटतं वा, रेडिओनेच कोड सांगितला, आणि ओके करून मोकळे होतात. दोनपैकी एक प्रयत्न गेला. ते १००० म्हणजे नुसती आकडे भरायची जागा आहे, १ ते ४ नंबरची स्टेशन बटणं वापरून एकेक आकडा फिरवायचा, पहिल्या बटणाने पहिला आकडा, दुसऱ्याने दुसरा असं, चारही नीट जुळले की सीक किंवा ट्यूनच्या बटणाची उजवी बाजू दोनेक सेकंद दाबून धरायची. नुसती टिचकी मारून सोडलं तर काहीच होत नाही आणि मग लोक म्हणतात कोड चुकीचा दिला.

टाकण्याच्या पद्धतीवरून बाकी गाड्यांतही बराच घोळ होतो. होंडात मधला आकडा चुकला तर बरेच जण बंद करून परत पहिल्यापासून सुरू करतात, ते करू नका, चुकलेला कोड तसाच पूर्ण टाकून संपवा आणि मग बरोबर कोड टाका, नाहीतर रेडिओला कळतच नाही की नवीन सुरुवात कुठून झाली. रेनॉच्या बऱ्याच गाड्यांत कोड रेडिओच्या बटणांनी न टाकता स्टिअरिंगमागच्या छोट्या रिमोटने टाकायचा असतो, चक्री फिरवून आकडा निवडायचा आणि खालच्या बटणाने पुढे जायचं. आणि सुरुवातीचं शून्य! कोड ०४८२ असेल आणि कुणी फोनवर सांगताना किंवा कुठे लिहून ठेवताना ४८२ केलं असेल तर तुम्ही डोकं आपटत बसाल. तीनच आकडे मिळाले असतील तर आधी पुढे शून्य आहे का ते विचारून घ्या.

थांबायला सांगितलंय तर चुकीच्या पद्धतीने थांबणं

रेडिओ तासभर लॉक झाला म्हणून लोक गाडी बंद करून घरात निघून जातात, दुसऱ्या दिवशी येतात तर परिस्थिती जैसे थे. कारण असं की बऱ्याच रेडिओत हा वेळ रेडिओ चालू असेल तेव्हाच मोजला जातो. बंद करून रात्रभर ठेवला तरी तो तास सुरूच झालेला नसतो. काही जण हुशारीने बॅटरीची वायर काढून लावतात, की रिसेट होईल, तर मोजणी परत शून्यापासून सुरू, आणि वर सांगितलं तसं चुकांचा हिशोब चिपमध्ये जागेवरच.

बरोबर पद्धत म्हणजे चावी ॲक्सेसरीवर ठेवायची, रेडिओ चालू ठेवायचा, हेडलाइट, ब्लोअर, आतले दिवे सगळं बंद करायचं आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच थांबायचं. बॅटरी आधीच मरगळलेली असेल तर चार्जर लावून ठेवा, कारण त्या तासात ती झोपली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इंजिन चालू ठेवून थांबणार असाल तर बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

कोड गाडीचा आहे असं समजणं

कोड रेडिओचा असतो, गाडीचा नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये कार्ड सापडलं, त्यावर कोड आहे, टाकला तर चालेना, मग कंपनीच्या नावाने खडे फोडायला सुरुवात. पण गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने रेडिओ बदललेला असू शकतो, आणि कार्ड जुन्या रेडिओचं. सर्व्हिस सेंटरने चॅसी नंबरवरून कोड काढून दिला तरी तेच होणार, कारण त्यांच्याकडे त्या गाडीसोबत फॅक्टरीतून जो रेडिओ आला त्याची नोंद असते, आज डॅशबोर्डात जो बसलाय त्याची नाही. म्हणून कार्डवर कोडसोबत जो सिरियल नंबर छापलेला असतो तो आणि रेडिओच्या अंगावरचा नंबर जुळतोय का ते कोड टाकायच्या आधी बघा. माझं तर मत आहे की सेकंडहँड गाडीत नुसत्या चॅसी नंबरवर मिळालेल्या कोडवर विश्वास ठेवून प्रयत्न खर्चूच नयेत.

आणि जुना सुटा रेडिओ विकत घेताय तर विकणाऱ्याकडे कोड नसेल तर घेऊ नका. स्वस्त मिळतोय म्हणून मोह होतो, पण कोड नसलेला रेडिओ कुठून आलाय हा प्रश्न राहतोच, आणि हे कुलूप बनवलंच होतं रेडिओच्या चोऱ्या रोखण्यासाठी.

चुकीचा नंबर वाचून पाठवणं

रेडिओच्या स्टिकरवर चार-पाच नंबर असतात आणि कोड मागताना लोक नेमका पार्ट नंबर पाठवतात. पार्ट नंबर त्या मॉडेलच्या हजारो रेडिओंवर सारखाच असतो, त्यावरून कोड निघत नाही. फोक्सवॅगनच्या बऱ्याच जुन्या रेडिओत सिरियल १४ अक्षरांचा असतो आणि सुरुवात व्हीडब्ल्यूझेड अशी असते, स्कोडात एसकेझेड, सिएटमध्ये एसईझेड, ऑडीत एयूझेड. फोर्डमध्ये व्ही किंवा एम आणि पुढे सहा आकडे, आणि ते पहिलं अक्षर विसरायचं नाही, कारण व्ही आणि एमचा हिशोब वेगवेगळा. रेनॉत एक अक्षर आणि तीन आकडे, त्याला प्रीकोड म्हणतात.

दरवेळी रेडिओ बाहेर काढायची गरज नसते हे अनेकांना माहीतच नाही. फोर्डच्या बऱ्याच रेडिओत चालू असताना १ आणि ६ एकत्र दाबून धरले (काहींत २ आणि ६) की डिस्प्लेवर माहिती सरकायला लागते, त्यात सिरियल येतो. होंडाच्या पुष्कळ मॉडेलमध्ये चावी ऑन करून रेडिओ बंद ठेवायचा, १ आणि ६ दाबून धरून पॉवर दाबायचं, मग यू आणि एल असे दोन भागांत आकडे दिसतात, दोन्ही मिळून नंबर पूर्ण होतो. आधी हे करून बघा आणि मगच डॅशबोर्डला हात लावा. काढायचाच असेल तर तो रेडिओ बाहेर ओढायच्या योग्य चाव्या आणा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलात तर फ्रेमचे कान तुटतात आणि मग रेडिओ खडखडत राहतो. स्टिकरचा फोटो काढा, हाताने उतरवू नका. ८ आणि बी, ० आणि ओ, ५ आणि एस यांत गफलत झाली की दुसऱ्याच रेडिओचा कोड येतो.

कुठल्याही साइटवर विश्वास ठेवणं

काही रेडिओंचा कोड सिरियलवरून गणित करून निघतो, काहींचा फक्त कंपनीच्या नोंदीतूनच मिळतो. त्यामुळे कुठल्याही गाडीचा कोड लगेच काढून देतो म्हणणाऱ्याकडे संशयानेच बघा, आणि कोड काढायचं सॉफ्टवेअर म्हणून अनोळखी फाइल कॉम्प्युटरवर चालवू नका. आधी मॅन्युअलची मागची पानं, ग्लोव्ह बॉक्सच्या आतली बाजू, सर्व्हिस बुक आणि अशा जागी चिकटवलेले छोटे स्टिकर बघा, मग आधीच्या मालकाला विचारा, मग गाडीची कागदपत्रं, ओळखपत्र आणि सिरियल घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटर. फ्रीजरमध्ये ठेवला की लॉक जातो असले उपाय मात्र नको, बाहेर काढल्यावर आतल्या सर्किटवर पाणी धरतं आणि चांगला रेडिओ जातो.

कोड लागतच नसताना कोड शोधत बसणं

बऱ्याच नव्या गाड्यांत रेडिओ गाडीच्या दुसऱ्या कंट्रोल युनिटशी बोलून खात्री करून घेतो. होंडाच्या कित्येक मॉडेलमध्ये चावी ऑन करून रेडिओचं पॉवर बटण दोनेक सेकंद दाबून धरलं की काम झालं. फोक्सवॅगनच्या नव्या रेडिओत तो त्याच गाडीत असेल तर मीटरशी ओळख पटवून आपोआप उघडतो. दोन सेकंदांचा उपाय आहे, आधी करून बघा.

दर दोन दिवसांनी कोड टाकणं आणि मूळ कारण न शोधणं

हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. कोड टाकला, रेडिओ चालला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत कोड. लोक सवय करून घेतात! पण कोड परत मागतोय म्हणजे कायमची लाइन कुठेतरी तुटतेय, आणि ते शोधायलाच हवं.

फक्त सकाळी पहिल्या सेल्फनंतर मागतो का? मग बॅटरी बघा. सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली जातं की रेडिओला करंट गेल्यासारखं वाटतं. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा, १२.६ च्या आसपास हवं, १२ च्या खाली असेल तर बॅटरी उतरलेली आहे, चार्ज करून टेस्ट करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर किंवा ढिलं क्लॅम्प असेल तर आधी ते साफ करून घट्ट करा, बरेचदा एवढंच असतं.

दर वेळी चावी काढली की मागतो का? मग कायमची लाइनच पोचत नाहीये. फ्यूज बॉक्समध्ये रेडिओचे कधीकधी दोन फ्यूज असतात, एक चावीचा आणि एक कायमचा, कायमचा उडाला तर काही रेडिओ दिवसभर मस्त चालतात आणि चावी काढली की सगळं विसरतात. फ्यूज ठीक असेल तर मागचा कनेक्टर. नेहमीच्या आयएसओ कनेक्टरमध्ये (बऱ्याच गाड्यांत सारखाच असलेला प्लग) ए ४ नंबरची पिन कायमच्या करंटची आणि ए ७ चावीची, पण फोक्सवॅगन ग्रुपच्या बऱ्याच गाड्यांत या दोन पिना उलट्या असतात. त्यामुळे दुसऱ्या गाडीतला किंवा बाहेरचा रेडिओ बसवला की हा प्रॉब्लेम हमखास येतो, आणि उपाय म्हणजे बाहेरच्या रेडिओच्या हार्नेसमधल्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यातल्या पिवळ्या आणि लाल वायरची अदलाबदल. त्याआधी चावी काढून मल्टिमीटरने कुठल्या पिनवर १२ व्होल्ट आहेत ते तपासा, नुसत्या रंगावर जाऊ नका, मधे कुणी कापाकापी केली असेल तर रंगाला काही अर्थ राहत नाही.

आणि डिस्प्ले काळाच असेल, कोडही मागत नसेल, तर तो कोडचा प्रॉब्लेम नाहीच. जंप स्टार्ट करताना वायरी उलट्या लागल्या असतील तर फ्यूज उडालेला असतो, रेडिओच्या पाठीवरचाही बघा. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढाच टाका, मोठा टाकून वायरिंग जाळू नका.

बॅटरी काढायच्या आधी कोड न शोधणं

बॅटरी बदलायला देताना आधी कार्ड काढून सिरियल जुळवून ठेवा, पाच मिनिटांचं काम. मेमरी सेव्हर म्हणून ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक गाडी तपासायला मशीन लावतो ते) जोडायचं छोटं उपकरण मिळतं, ते बॅटरी काढलेली असताना गाडीला १२ व्होल्ट देत राहतं आणि रेडिओला काही कळत नाही. मात्र तेव्हा सुट्या झालेल्या पॉझिटिव्ह वायरमध्येसुद्धा करंट असतो, तिला कापड गुंडाळून ठेवा, बॉडीला टेकली की ठिणगी आणि फ्यूज गेला. दारंही बंद ठेवा, आतले दिवे लागले की त्या छोट्या उपकरणावर लोड येतो.

मेमरी सेव्हर न वापरता बॅटरी बदलली असेल तर कोड टाकून झाल्यावर घड्याळ, सेव्ह केलेली स्टेशनं आणि एका टचमध्ये वर जाणाऱ्या काचा तपासा, त्यांचंही सेटिंग काही गाड्यांत जातं, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुतेक गाड्यांत परत येतं. कोडचं कार्ड गाडीत ठेवू नका, घरच्या कागदपत्रांत ठेवा आणि फोनमध्ये कार्डचा व सिरियलच्या स्टिकरचा असे दोन्ही फोटो ठेवा. गाडी विकाल तेव्हा ते कार्ड नव्या मालकाच्या हातात द्या.