सीडी४ टी सेल्सवर काम करताय? या चुका टाळा

टी सेलवर (प्रतिकारशक्तीची एक पेशी) सीडी४ हे खुणेचं प्रोटीन दिसलं की हेल्पर, म्हणजे बाकीच्या इम्युन सेल्सना मदत करणारा, लिहून मोकळं व्हायचं, ही चूक बघून बघून वैताग आलाय. सीडी४ मध्ये रेग्युलेटरी टी सेल्सही येतात, इम्युन रिस्पॉन्स दाबणारे, आणि ट्यूमरमध्ये त्यांची चांगलीच गर्दी असते. आमच्याकडे एका पीएचडीच्या मुलीने उंदरांना जीके१.५ ही सीडी४ सेल्स काढून टाकणारी अँटीबॉडी दिली, सीडी४ उडवले की ट्यूमर फोफावेल असं धरून. झालं उलटंच, ट्यूमर आकसला आणि ही ग्राफ घेऊन धावत आली, मॅम हेल्पर तर कॅन्सरलाच मदत करतायत! म्हटलं फॉक्सपी३ चं (रेग्युलेटरी सेल्सची खूण असलेलं प्रोटीन) स्टेनिंग कुठंय, तर म्हणे त्यात वेळ जातो म्हणून वगळलं. अगं ही अँटीबॉडी हेल्पर आणि रेग्युलेटरी दोन्ही सरसकट उडवते, ब्रेकच काढलास तर सीडी८, म्हणजे ट्यूमर मारणारे टी सेल्स, सुटणारच ना. मग फॉक्सपी३-डीटीआर उंदरांना (यांच्या फक्त फॉक्सपी३ सेल्सवर डिप्थेरिया टॉक्सिनचा रिसेप्टर असतो) डिप्थेरिया टॉक्सिन देऊन फक्त रेग्युलेटरी काढले, तेव्हाही ट्यूमर तसाच आकसला, तेव्हा कुठे तिला पटलं. वाचवलेल्या वेळापायी महिने गेले. मी तर फॉक्सपी३ शिवायचा फ्लो सायटोमेट्रीचा (सेल्सवरच्या खुणा मोजणारं मशीन) सीडी४ प्लॉट बघतच नाही. माणसाच्या सेल्समध्ये सीडी२५ आणि सीडी१२७ या खुणांच्या अँटीबॉडी पण लावा, कारण अॅक्टिव्हेट झालेले साधे टी सेल्सही थोडा वेळ फॉक्सपी३ दाखवतात.

दुसरं, "ट्यूमरवर एमएचसी क्लास टू नाही, मग हेल्परचा काय संबंध" हे बोलणं बंद करा. (क्लास टू म्हणजे हेल्परला अँटिजनचा, म्हणजे ओळखायच्या प्रोटीनचा, तुकडा दाखवणारं प्रोटीन; सीडी८ ला दाखवतो तो क्लास वन.) हेल्पर ट्यूमरला थेट न भेटताही काम करतो: डेंड्रिटिक सेलवर (टी सेल्सना अँटिजन दाखवणारी पेशी) क्लास टू असतोच, तिथे हेल्पर आपल्यावरच्या सीडी४० लिगँड या प्रोटीनने तिला तयार करतो, मग ती सीडी८ ला नीट पेटवते. २०१९ मध्ये रॉबर्ट श्रायबर यांच्या लॅबने क्लास टू नसलेल्या सार्कोमावर हेच दाखवलं. एकाच उंदरात दोन ट्यूमर होते, चेकपॉइंट थेरपीने (टी सेल्सवरचे ब्रेक सोडणारे उपचार) गेला तो हेल्पर आणि सीडी८ दोघांचे अँटिजन असलेलाच, फक्त सीडी८ चा असलेला राहिला. म्हणजे हेल्पर ट्यूमरच्या जागेवरही लागतो, आणि नुसता क्लास वनचा पेप्टाइड घेऊन व्हॅक्सिन करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

पीएमए (टी सेल्स स्टिम्युलेट करणारं रसायन) दिल्यावर सीडी४ गायब झाला म्हणून घाबरू नका, तो पृष्ठभागावरून आत जातो. सीडी४ ची अँटीबॉडी पर्मिएबिलायझेशननंतर (सेलच्या पडद्याला भोकं पाडल्यावर) टाका, किंवा सीडी३ (सगळ्या टी सेल्सची खूण) पॉझिटिव्ह सीडी८ निगेटिव्ह गेट घ्या, म्हणजे प्लॉटवर तेवढेच सेल्स निवडा.

फ्रोझन सेल्स थॉ केले की रात्रभर विश्रांती द्या, लगेच स्टिम्युलेट करू नका. ब्रेफेल्डिन (सेलमधून प्रोटीन बाहेर पडणं थांबवणारं औषध) विसरलात तर सायटोकाइन, म्हणजे सेल सोडतो ते निरोपाचं प्रोटीन, बाहेर निघून जातं आणि प्लॉट कोरा, मग मशीनला दोष देऊ नका.