नागपूरहून नेपाळला: दहा दिवसांच्या मिशन ट्रिपची तयारी

आधी दिवस मोजा. नागपूरहून गोरखपूरला राप्तीसागर एक्स्प्रेसने जायचं, तिथून सुमारे 95 किलोमीटरवर सोनौलीची सीमा, पलीकडे भैरहवा आणि मग पोखऱ्यापर्यंत घाटातली बस. जायला तीन दिवस आणि यायला तीन. म्हणजे दहा दिवसांत हाताशी उरतात चारच, त्यामुळे कार्यक्रम चारच दिवसांचा आखा. त्यात शनिवार आलाच पाहिजे, कारण नेपाळात सुट्टी शनिवारी असते आणि चर्चची उपासनाही शनिवारीच. राप्तीसागर रोज नसते. आधी गाडीचे वार बघा, मग तारखा ठरवा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं.

कागदपत्रात हमखास चुकतं ते आधार. नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार फक्त 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वरच्यांना चालतं. फर्स्ट इयरच्या पोरांकडे बहुतेक वेळा आधार सोडून काहीच नसतं. मतदार कार्डासाठी फॉर्म 6 भरायचा असतो, आणि तो निघायच्या आठवड्यात भरून उपयोग नाही.

आता कायदा, आणि हे आपल्या चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. नेपाळच्या 2015 च्या संविधानाचं कलम 26 दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम 158 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात, आणि तिथे परदेशी म्हणजे आपणही. 2016 मध्ये चरिकोटला मुलांना येशूची चित्रपुस्तिका वाटल्यावरून आठ जणांवर खटला झाला. पुढे ते निर्दोष सुटले, पण मधले महिने कोर्टात गेले.

म्हणून पत्रकं, सुवार्तेच्या पुस्तिका, वाटायला बायबलं, यातलं काहीही बॅगेत नको. रस्त्यावर किंवा शाळेत कार्यक्रम नको. जे करायचं ते तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आत, तिथल्या पाळकांनी (पास्टरांनी) सांगितलेलं. फोटो, रील, लोकेशन काही टाकू नका. तुम्ही घरी परतता, पण व्हिडिओत दिसणारा पाळक तिथेच राहतो.

व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, घेणार असाल तर आणखी एक अडचण. आपल्याकडे मे महिन्यात सुट्टी, पण नेपाळात शाळांचं नवं वर्ष वैशाखात सुरू होतं. दिवसभर शाळा असते, त्यामुळे मुलं संध्याकाळी आणि शनिवारीच मिळतात. मंडळीतल्याच मुलांना घ्या, आणि आईवडिलांची परवानगी पाळकसाहेबांनीच मागावी. जूनमध्ये जाऊ नका. पावसाळा लागला की घाटात दरडी कोसळतात आणि बस कुठे अडकेल सांगता येत नाही.

साक्ष, म्हणजे स्वतःच्या विश्वासाचा अनुभव, द्यायची असेल तर लिहून न्या, 250 शब्दांच्या आत. दुभाष्यामुळे वेळ दुप्पट लागतो. एक वाक्य बोला, थांबा, दुभाष्याचं होऊ द्या. लांब वाक्याच्या अध्येमध्ये थांबलात की तो बिचारा अर्धवट क्रियापदावर लटकतो. 'पवित्र शास्त्राच्या प्रकाशात' असली मंडळीतली ठेवणीतली भाषा नको. काय झालं ते साधं सांगा. नेपाळीची लिपी देवनागरी असल्याने गीताच्या वहीतून तुम्ही सूर धरू शकता, अर्थ मात्र विचारून घ्या. तिथे अभिवादन 'जयमसीह'. वयाने मोठ्या पुरुषाला 'दाइ', म्हणजे दादा, म्हणायचं, आणि यावर मराठी पोरं पहिल्या दिवशी हसतात. ते हसू गोरखपूरलाच उरकून घ्या.

चपला दाराबाहेर, बसायचं खाली, आणि बऱ्याच ठिकाणी बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे. जेवण दोनदा: सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री, दोन्ही वेळा डाळभात. ताट रिकामं दिसलं की यजमानीण भाताचा डाव घेऊन उभीच. 'पुग्यो' (पुरे) म्हणत ताटावर हात आडवा धरा. नुसतं 'नको नको' म्हटलं तर संकोच समजून आणखी एक डाव पडतो.

पैसे: शंभराच्या भारतीय नोटा सर्वात बिनधोक. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी होतात, त्यामुळे दुकानदार किंमत सांगतो तेव्हा कोणते रुपये ते आधी विचारा. एकच खजिनदार, एकच वही, रोज रात्री बेरीज. स्वेटर घ्या, 45 डिग्रीतून निघताना हसू येतं, पोखऱ्यात रात्री पाऊस आला की येत नाही. बस लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी. घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. घड्याळ 15 मिनिटं पुढे करा.

निघताना मुलं विचारतात, 'फेरि कहिले?' म्हणजे परत कधी. तारीख सांगू नका. गिटार, पुस्तकं, फीचे पैसे पाठवू, असंही कबूल करू नका. मदत द्यायचीच असेल तर ती नागपूरला आल्यावर, हिशेब मांडून, मंडळीच्या कमिटीत ठरू द्या.